कारण घरी ठेवून ये

“दुःखी हाय असं नको म्हणू. दुःखी दिसून राह्यला, असं म्हण.”

मास्तरांचं हे पालुपद मी पहिल्यांदा ऐकलं ते वर्ध्याच्या तारघरात. खिडकीच्या आत मी, बाहेर मास्तर आणि त्यांच्या मागे एक जपानी पाहुणा. पाहुण्याच्या नावानं तार आली होती. त्यानं ती वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून हसत मान लववली.

“काय होतं तारेत?” मी मास्तरांना हळूच विचारलं.

“त्याची माय गेली.”

“अन् हा हसून राह्यला? दुःखी नाई का हा?”

“ते आपल्याले कसं समजंन? जपानीत स्वतःच्या मनातलं सांगता येते, बाबू. दुसऱ्याचं नाई सांगता येत. दुसऱ्याचं जेवढं दिसते तेवढंच सांगाचं.” आणि मग ते पालुपद.

“पण मास्तर, हा तर दुःखी दिसतबी नाई.”

“थांब थोडा. दिसंन.”

तो पाहुणा पायऱ्या उतरून खाली गेला आणि स्वतःची सायकल सोडून भलत्याच सायकलीला किल्ली लावत बसला. लागेना तरी लावतच राहिला. मास्तर खाली गेले, त्याच्या हातून किल्ली घेतली आणि त्याच्या सायकलीचं कुलूप काढून दिलं.

मास्तरांचं नाव मी सांगत नाही. वर्ध्यात तरी त्यांना नावानं कोण ओळखत होतं? टांगेवाल्याला ‘जपानी मास्तर’ म्हटलं की तो थेट त्यांच्या फाटकाशी नेऊन सोडायचा. उंच, वाळकी अंगकाठी, खादीचा सदरा-पायजमा आणि सायकलच्या दांड्याला बाराही महिने अडकवलेली छत्री. नोकरी शाळेत, विषय मराठी. वर्गात इतकं शुद्ध बोलायचे की पोरं घाबरून जायची, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की मूळ गाव रोहणा जिभेवर परत यायचं.

जपानी ते शिकले एका म्हाताऱ्या भिक्षूकडून. मास्तर लहान असताना हा भिक्षू गावाबाहेर झोपडीत राहायचा आणि रोज पहाटे चामड्याचा डफ वाजवत फिरायचा. मास्तर त्याला दूध पोचवायला जायचे. दूध देऊन परत येताना रोज थोडी भाषा घेऊन आले, असं ते म्हणायचे. मी वर्ध्याला बदलून आलो तेव्हा भिक्षू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्या काळात जपानी पाहुण्यांचा राबता मोठा. कोणी आश्रम पाहायला यायचं, कोणी शेती शिकवायला, कोणी नुसतंच शांती शोधायला. या सगळ्यांचं तोंड आणि कान म्हणजे आमचे मास्तर. त्यातून एक छदाम मिळत नसे, सायकलीचे टायर मात्र झिजत.

“सोपी हाय रे भाषा,” ते आम्हाला धीर द्यायचे. “त्यायच्यातबी ‘नाई’ म्हणजे नाईच. वऱ्हाडी माणसाले अर्धं जपानी जन्मापासूनच येते.”

‘आम्हाला’ म्हणजे त्यांच्या रविवारच्या वर्गाला. घरामागे एक गोठा होता, त्यात गाय नव्हती. तिथं सतरंजीवर आम्ही चार-पाच जण बसायचो. मी गेलो ते रोमन लिपीतल्या तारा कळाव्यात म्हणून, आणि खरं सांगायचं तर वर्गानंतर काकू सांबारवडी द्यायच्या म्हणून. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मुलगा नव्हता. त्याबद्दल त्या घरात कोणी बोलायचं नाही, पण शेजारीपाजारी त्यांच्या वतीनं पुष्कळ बोलायचे.

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. झाड, घर, पाणी, भाकर हे शब्द तुमचे तुम्ही पाठ करा, म्हणायचे. त्यांचा सगळा जीव मनातल्या शब्दांवर. एकटं वाटणं वेगळं, आठवणीनं बरं वाटणं वेगळं, आठवणीनं छाती दाटून येणं वेगळं. शब्द सांगायच्या आधी ते विचारायचे, “असं तुले कधी झालतं का?” झालं नसेल तर तो शब्द द्यायचे नाहीत. “मंग तुले तो कायले पाह्यजे? वापरशीन अन् खराब करशीन.” मला ‘साबिशी’, म्हणजे एकटं वाटणं, हा शब्द मिळायला दोन महिने लागले. बायको बाळंतपणाला हिंगणघाटला गेली तेव्हा मिळाला.

वर्गात सेलूचा एक केळीचा व्यापारी होता. एका जपानी पाहुण्याला स्टेशनवरून आणायचं काम त्याच्याकडे आलं आणि पठ्ठ्या चांगला उशिरा पोचला. पोचल्यावर त्यानं जीप कशी पंक्चर झाली, स्टेपनी साळ्यानं कशी नेली होती, साळ्याचा स्वभाव कसा आहे, सगळं मोडक्या जपानीत सांगितलं. पाहुण्याचा चेहरा पार दगड. व्यापारी रविवारी रडकुंडीला येऊन म्हणाला, “मास्तर, मी तं सुमिमासेन बी म्हटलं!”

“म्हटलं, पण त्याच्या मांगं साळा आणला ना तू,” मास्तर म्हणाले. “माफी मागाले जाशीन तं कारण घरी ठेवून ये. कारण सांगतलं का अर्धी माफी तू वापस घेतली.”

आम्ही खूप हसलो. आपल्याकडे सगळं उलटं. आपल्याकडे माफी मागणारा कारण सांगायलाच येतो, आणि ते पुरतं ऐकून घेतलं नाही तर उलट तोच रागावतो. पण ‘कारण घरी ठेवून ये’ हे आमच्या वर्गाचं ब्रीदवाक्य झालं. तारघरात उशिरा येणाऱ्या शिपायालाही मी तेच ऐकवायचो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात केंजी आला.

चोवीस-पंचवीसचा असेल. शेतीचं शिकलेला, गोल चेहऱ्याचा, बुजरा. सेलूजवळच्या केळीच्या बागांत पाण्याचे पाट कसे काढावेत हे दाखवायला तो दोन वर्षांसाठी आला होता. आधी भाषा यावी म्हणून पहिले चार महिने मास्तरांकडे राहिला, आणि बागेवर जायला लागला तरी मुक्काम तिथंच ठेवला. काकूंच्या जिभेवर ‘केंजी’ काही बसेना, त्या त्याला ‘कानजी’ म्हणू लागल्या, आणि मग साऱ्या आळीनं त्याचा कानजी केला. तोही कानजी म्हटलं की ओ द्यायचा. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं पहिलं वाक्य म्हटलं, “आई, मले भूक लागून राह्यली.” काकूंच्या हातातला झारा कढईत पडला. तो दिवस आणि त्यानंतरचा कुठलाही दिवस, त्या घरात त्याच्याआधी कोणी जेवलं नाही.

मास्तरांचं काय सांगू? संध्याकाळी दोघं दोन सायकलींवरून नदीकडे जाताना दिसायचे. एक उंच, एक ठेंगणा, आणि छत्री आता केंजीच्या सायकलीला. मास्तर त्याला वऱ्हाडी शिकवायचे आणि त्याच्याकडून नव्या पिढीची जपानी शिकायचे. तारघरात येऊन मला म्हणायचे, “काल कानजी हसला, बाबू.” मी म्हणायचो, “मास्तर, हसला का हसताना दिसला?” ते लाजायचे. पन्नाशी उलटलेला माणूस लाजताना तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे.

केंजीचा एक शब्द सगळ्या सेलूला पाठ झाला होता. ‘दाईजोबु.’ पाय मुरगळला, दाईजोबु. तिखट लागून डोळ्यांतून पाणी, दाईजोबु. बागेतले मजूर मुद्दाम त्याला छेडून तो शब्द म्हणायला लावायचे आणि हसायचे. मास्तर मात्र हसत नसत. “ते ‘मी बरा हाय’ असं नाई,” ते एकदा म्हणाले. “ते ‘तुमी चिंता करू नोका’ असं हाय. दोन्हीत फरक हाय.”

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी माणूस तर सोडाच, कावळाही झाडावरून उतरत नाही. केंजी उतरला. पाटाचं काम पावसाच्या आत व्हायला हवं होतं. मजूर सावलीला बसले आणि हा एकटा फावडं घेऊन उन्हात. दोनदा त्यांनी हाक मारली, “कानजीभाऊ, बरं हाय ना?” दोनदा उत्तर आलं, दाईजोबु. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, वर केळीची ओली पानं टाकून त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. बर्फाच्या लाद्या लावल्या. शुद्धीवर तो आलाच नाही. दिवस मावळायच्या आत गेला. ऊन लागू नये म्हणून सकाळी काकूंनी त्याच्या खिशात कांदा ठेवला होता. तो कांदा तसाच खिशात होता. काकूंनी तो काढून हातात धरला आणि कोणी कितीही म्हटलं तरी खाली ठेवला नाही.

तार करायला मास्तर माझ्याकडेच आले. एरवी ते एका तारेसाठी चार कागद खराब करायचे. शब्द लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा, मागे रांग लागली तरी यांचं चालूच. त्या दिवशी त्यांनी एकही शब्द खोडला नाही. एका दमात लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. मी तार पाठवली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आई-वडिलांनी लिहिलं होतं, तिथंच दहन करावं, कागदपत्रं झाली की आम्ही येतो, तुम्हाला फार त्रास झाला. एवढंच. अस्थींबद्दल एक अक्षर नव्हतं. लिहायचं त्यांना कारण नव्हतं, आणि विचारायचं आम्हाला कारण नव्हतं.

अग्नी मास्तरांनी दिला. मडकं खांद्यावर घेऊन तेच फिरले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही दहा-बारा जण गेलो. राखेवर दूध-पाणी शिंपडलं, अस्थी वेचल्या, गाडग्यात भरल्या आणि तिथून तसेच धाम नदीवर. मे महिन्यात धामेला पाणी ते किती, पण एक डोह होता. मास्तर कमरेइतक्या पाण्यात उतरले. त्यांच्या मेहुण्यानं काठावरून विचारलं, “थोडं ठेवाचं का, भाऊजी? प्रयागले न्याले?”

“काहीच नोका ठेवू,” मास्तर म्हणाले. “मांगं काही राह्यलं तं लेकराचा जीव अडकून पडंन.”

त्यांनी गाडगं उपडं केलं, पाण्यात विसळलं, पुन्हा उपडं केलं. आपल्या माणसाचं जसं करतात तसं सगळं केलं. परत येताना आम्ही आपसात म्हणालो, परक्या मुलुखात मेला, पण पोराचं सोनं झालं.

आई-वडील आले ते जूनच्या सुरुवातीला. मास्तर, काकू आणि मी स्टेशनवर गेलो होतो. वडील आधी उतरले. कृश, जाड चष्मा, काळा कोट, त्या उकाड्यात. मागून आई उतरली. काळे कपडे, पिकलेले केस मागे बांधलेले. तिनं डाव्या हाताच्या कवेत, तान्हं मूल घेतात तशी, पांढऱ्या शुभ्र कापडात बांधलेली एक चौकोनी पेटी धरली होती. कापडाची गाठ वर अशी बांधलेली की दोन पानं उमलावीत. पेटी हलकी होती. रिकामी आहे हे तिच्या धरण्यावरून कळत होतं.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं, मास्तर?”

“हाडं न्याले आले ते,” ते म्हणाले. “घरच्या थडग्यात ठेवतात. भिक्षूनं सांगतलं होतं मले. मले मालूम होतं, बाबू.”

त्यांना माहीत होतं. आम्हा सगळ्यांत फक्त त्यांनाच माहीत होतं. “त्या तीन दिवसांत मले जपानी आठवलंच नाई,” ते नंतर म्हणाले. “मी माह्या पोराले जाळून राह्यलो होतो ना.”

तोवर ती माउली समोर येऊन वाकली होती. आणि तिनं मास्तरांना हाक मारली, “इंदो नो ओतोसान.” हिंदुस्थानातले बाबा. केंजी पत्रांतून मास्तरांना हेच म्हणायचा म्हणे. एवढं जपानी मलाही येत होतं.

घरी आल्यावर काकूंनी चहा केला. आईनं पिशवीतून भेटी काढल्या, मास्तरांना लोकरीची बंडी, काकूंना कात्री. काकूंचा हात हातात घेऊन ती काहीबाही बोलत होती, आणि भाषेचा एक शब्द कळत नसताना काकू ‘हो माय, हो माय’ म्हणत होत्या. पेटी आईच्या मांडीशी होती. वडिलांनी दोनदा मास्तरांकडे बघितलं. विचारत नव्हते. वाट बघत होते.

मास्तर उठून आडावर गेले, हातपाय धुऊन आले आणि त्या दोघांसमोर गुडघे मोडून, टाचांवर बसले. त्यांचे गुडघे आधीच कामातून गेलेले. एरवी वर्गातही ते तसे बसत नसत. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं आणि बोलायला लागले.

फार बोलले नाहीत. ‘मोशिवाके’ मला कळलं. ती सगळ्यात मोठी माफी, ती मागायला तोंडच नाही असं सांगणारी. नदी कळली, अस्थी कळल्या. मग ते थांबले. तिथंच थांबायला हवं होतं. पण त्यांनी मान वर केली, आईकडे बघितलं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि आणखी एक वाक्य बोलले. त्यात मुलगा हा शब्द होता.

वडिलांनी डोळे मिटले. आई हलली नाही. तिनं मांडीजवळची पेटी थोडी जवळ ओढली, एवढंच. मग तीही खाली वाकली, कपाळ टेकवून बराच वेळ तशीच राहिली आणि उठून हळू, गोड आवाजात बोलली. लांब लांब वाक्यं. रडणं नाही, आवाज चढणं नाही. काकू पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या, आणि ती त्यांच्याकडे बघून मंद हसत होती.

संध्याकाळी आम्ही त्यांना धामेवर नेलं. आई काठावर उभी राहिली, पाण्याजवळ गेली नाही. वडील बूट काढून, विजार दुमडून खाली उतरले आणि वाकून चाचपडत राहिले. शेवटी त्यांनी एक गोटा उचलला. गुळगुळीत, मुठीएवढा, काळसर. रुमालानं पुसला. मग मास्तरांना काहीतरी म्हणाले, तेही हसून, उन्हापाण्याबद्दल बोलावं तसं. मास्तरांनी आम्हाला सपाट आवाजात सांगितलं, “त्यायचा मोठा भाऊ लढाईत बर्म्यात मेला होता. सरकारनं पेटी पाठवली. उघडली तं आत दगड होता. म्हणतात, आमच्या घराले सवय हाय.”

गोटा पेटीत गेला. आईनं कापडाची गाठ पुन्हा बांधली. दोन पानं पुन्हा तशीच उमलली. पेटी आता जड झाली होती. कवेत धरली तेव्हा तिचा खांदा थोडा कलला.

दुसऱ्या दिवशी गाडी हलेपर्यंत ती दारात वाकून उभी होती. परत येताना आम्ही सगळे एकच बोलत होतो. केवढं मोठं मन! आपली बाई असती तर आकांत मांडला असता, शिव्याशाप दिले असते. ही एक शब्द वावगा बोलली नाही.

“तुमाले समजलं नाई,” मास्तर म्हणाले. ते सायकल हातात धरून चालत होते. “स्टेशनवर उतरल्यावर ते माय मले काय म्हणे?”

“ओतोसान.”

“अन् मी सांगतल्यावर?”

मी आठवून पाहिलं. “सेन्सेई म्हणत होत्या. गुरुजी.”

“मंग झालं तं.”

घरचं माणूस अचानक ‘आपण बसावं, आपण चहा घ्यावा’ असं बोलू लागलं तर काय समजायचं, ते तुम्हा-आम्हाला कोणी सांगायला नको. तिनं तेच केलं होतं. प्रत्येक वाक्यागणिक मान वाढवत नेला होता आणि प्रत्येक वाक्यागणिक मास्तरांना उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं होतं. आम्हाला तो सभ्यपणा वाटला. ऐकणारा एकच होता आणि त्याला सगळं ऐकू आलं.

“शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं,” मास्तर म्हणाले. “शिव्या आपल्या माणसाले देतात.”

“पण मास्तर, तुमी एवढी माफी मागतली...”

“माफी मागतली. अन् मंग म्हटलं, मी त्याले माह्या पोरासारखा समजत होतो, म्हून असं झालं.” ते थांबले. “कारण सांगतलं, बाबू. तिच्या मांडीवर रिकामी पेटी, अन् मी तिले सांगतो तो माहा पोरगा होता.”

पुढच्या रविवारी वर्ग भरला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. केळीचा व्यापारी एकदा विचारायला गेला तर मास्तर म्हणाले, मले जपानी येत नाई. जपानी पाहुणे येतच होते, तारा येतच होत्या. माझा निरोप गेला की उत्तर तेच. एकदा एक म्हातारा जपानी माझ्या खिडकीशी हातवारे करत ताटकळला होता आणि मास्तर मनिऑर्डरच्या रांगेत उभे होते. सगळं ऐकत होते. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

मात्र दुपारी गर्दी नसली की ते अधूनमधून यायचे आणि गजाला धरून एखादं वाक्य म्हणायचे. त्या दिवशी काय म्हणायला हवं होतं, ते वाक्य. “हे पाह्य. हे कसं वाटते?” मग पुढच्या खेपेला, “नाई, तेबी नाई.” शब्द दर खेपेला कमी होत गेले. शेवटी एकदा म्हणाले, “मोशिवाके आरिमासेन. बस. एवढं म्हणाचं अन् खाली पाहाचं. दुसरं काहीच नाई.”

“मंग करून टाका ना तार,” मी म्हणालो. “मी आत्ता लावतो.”

“आता केली तं तेबी कारणच होईन,” ते म्हणाले आणि छत्री उचलून गेले.

ते गेले त्याला कारण झालं मूत्रपिंडाचं दुखणं. सात-आठ वर्षांनंतरची गोष्ट. शेवटचे काही महिने अंथरुणातच होते. मी जायचो, जवळ बसायचो. कसं वाटतं विचारलं की म्हणायचे, दाईजोबु. एवढा एकच जपानी शब्द त्यांनी ठेवला होता, आणि तो मला कसा ऐकायचा हे त्यांनीच शिकवलेलं होतं.

दहनाला मी होतो. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी गाडग्यात भरल्या आणि जावई नदीकडे वळले, तर काकू वाटेत आडव्या आल्या. एरवी बायका त्या वेळी येत नाहीत. काकू आल्या होत्या.

“नदीवर न्याचं नाई,” त्या म्हणाल्या. “त्यायनं शब्द घेतला माह्याजवळून.”

जावई चिडले. शास्त्र आहे, लोक काय म्हणतील, सासऱ्यांचा जीव अडकून राहील. काकूंनी गाडगं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“ते म्हणत, मले नदीत नोका टाकू. तथी तो पोरगा हाय. त्याची माय दगड घेऊन गेली. कोन्त्या तोंडानं जाऊ म्या त्याच्या सामने?”

जावई नदीची वाट सोडून घराकडे वळले.

गाडगं त्यांनी मागच्या गोठ्यात आढ्याला टांगलं. आमचा वर्ग भरायचा तिथंच. बदली होऊन मी हिंगणघाटला गेलो, पण उन्हाळ्यात एखादी चक्कर टाकतो. मागच्या खेपेला गेलो तर काकू गाडगं खाली काढून बसल्या होत्या. जुनं फडकं सोडून नवं बांधत होत्या. पांढरं होतं, धुऊन, इस्त्री केलेलं. त्यांनी टोकं एकमेकांत घातली, ओढली, सोडली, पुन्हा घातली.

“काकू, द्या, मी बांधतो,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“त्या माउलीनं कशी बांधली होती, पाह्यली होती ना तुमी?” त्या म्हणाल्या. “दर साली करून पाह्यतो. तशी गाठ मले येतच नाई.”